परांची बांधल्यावरचा हिशेब

चालू कामाचा खर्च किती झाला असं विचारलं की आपल्याकडे माणूस आधी बँकेचं पासबुक काढतो. पैसे तिथूनच जातात, तेव्हा त्यात वावगं काही नाही. पण पासबुकाला फक्त गेलेला पैसा कळतो. त्या पैशात काम किती उभं राहिलं, अंगावर देणं किती चढलंय आणि उरलेल्या कामाला अजून किती लागणार, हे विचारायला गेलं तर ते गप्प.

माझं पोटच या प्रश्नांवर आहे. बांधकामाच्या साइटवर मी बिलिंग बघते. कामं बहुतेक नवी मुंबईतली, खारघर, उलवे, द्रोणागिरी या पट्ट्यातली. राहते मात्र ठाण्यात, नौपाड्यात, एका जुन्या चार मजली सोसायटीत. दिवाळीनंतर आमच्या इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली आणि कमिटीने साहजिकच मला पकडलं. "तुम्ही रोज हेच करता ना ताई, मग जरा आमच्याही बिलांवर नजर टाका." नजर टाकायची म्हणजे रविवार गेला, हे मला ठाऊक होतं. तरी हो म्हटलं. दुसऱ्यांच्या टॉवरची बिलं भिंग लावून तपासायची आणि स्वतःच्या डोक्यावरच्या स्लॅबचं बिल डोळे मिटून पास होऊ द्यायचं, हे काही बरं दिसत नाही.

इमारत १९८०च्या दशकातली. तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं, असं गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियमावली, सांगतात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांनी चालतं. त्या ऑडिटमधून दुरुस्तीची यादी आली आणि कन्सल्टंटने जीएसटी सोडून ६० लाखांचं अंदाजपत्रक हातात ठेवलं. एवढा पैसा सोसायटीकडे असतो कुठे? उपविधींनी दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, ०.२५ टक्के ठरवून दिलाय खरा, पण तो बांधकाम खर्च इमारत उभी राहिली तेव्हाचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिमेंटच्या भावावर टक्के काढून आजचा गवंडी मिळत नाही. तेव्हा प्रत्येक फ्लॅटवर वर्गणी बसली. आणि वर्गणी बसली की घरटी एक ऑडिटर जन्माला येतो.

आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची रोजकीर्द नुसती बघत बसावी इतकी देखणी. खाडाखोड नाही, प्रत्येक व्हाउचरला नंबर, प्रत्येक चेकची झेरॉक्स मागे टाचलेली. फेब्रुवारीच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, "६० लाखांपैकी २६ लाख ८० हजार गेले. म्हणजे पंचेचाळीस टक्के. काम तर बाहेरून निम्म्याच्या वर झालेलं दिसतंय. आपण बजेटच्या आत आहोत." टाळ्या तेवढ्या वाजल्या नाहीत. चहा आला.

काकांचा आकडा पै-पैला बरोबर होता. फक्त तो खर्चाचा आकडा नव्हता.

काम सुरू होताना कंत्राटदाराला १० टक्के, म्हणजे ६ लाखांची उचल दिली होती. उचल हा खर्च नव्हे, ती पुढच्या बिलांतून वळती होते. आतापर्यंत २ लाख वळते झालेत, ४ लाख अजून त्याच्याकडेच आहेत. उलट बाजूने, प्रत्येक बिलातून आपण ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमीपोटीची रक्कम, कापून ठेवतो. ते १ लाख २० हजार आपल्या खात्यात दिसतात, पण ते आपले नव्हेत. दुरुस्तीच्या हमीची मुदत संपली की द्यायचेच आहेत. मंजूर आरए बिलांची, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणाऱ्या रनिंग अकाउंट बिलांची, बेरीज २४ लाख. त्यातून रिटेन्शन आणि वळती झालेली उचल वजा करा, वर दिलेले ६ लाख मिळवा, काकांचे २६ लाख ८० हजार तंतोतंत येतात. पण शेवटच्या बिलानंतर भिंतीवर चढलेलं, मोजून झालेलं आणि अजून बिलात न आलेलं काम ४ लाखांचं होतं. म्हणजे झालेल्या कामाचा खरा खर्च २८ लाख.

"एवढ्या सव्वा लाखासाठी एवढा खटाटोप?" काका म्हणाले. खरी गोम पुढे होती. या २८ लाखांत जे काम झालं, त्याला अंदाजपत्रकाने किती धरले होते?

ते काढायचं तर अंदाजपत्रक फोडावं लागतं. कन्सल्टंटचा कागद आयटमवार असतो: बाहेरचं प्लास्टर इतके चौरस फूट, कॉलम-बीमची पॉलिमर ट्रीटमेंट इतकी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाइप, रंग. काम मात्र भिंतीवार चालतं. आधी पश्चिमेला बांबू लागतात, मग दक्षिणेला. तेव्हा रोजकीर्दीवरून खतावणी करावी तशी मी सगळी रक्कम भिंतींत आणि मजल्यांत वाटून घेतली. आणि एक नियम कडक ठेवला. दोन मजल्यांमधला भिंतीचा तुकडा पुरा झाला, पाणी मारून झालं, कन्सल्टंटच्या माणसाने पाहिला, तरच त्याचे अंदाजपत्रकातले पैसे 'झाले' या रकान्यात जातील. नाहीतर शून्य. अर्धं-पाऊण असलं काही नाही. कारण साइटवर कुठल्याही कामाला कधीही विचारा, ते "नव्वद टक्के झालंय मॅडम" असंच असतं. उरलेल्या दहा टक्क्यांना पुढे जवळजवळ तेवढेच दिवस लागतात, हे अख्ख्या धंद्याला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

या नियमाने बेरीज आली २२ लाख. म्हणजे २२ लाखांचं काम करायला आमचे २८ लाख लागले होते. पंचेचाळीस टक्के पैसे गेले हे खरं, पण काम छत्तीस-सदतीस टक्केच झालं होतं. बाहेरून निम्म्याच्या वर दिसत होतं ते बांबूंमुळे. बांबू आणि हिरवी जाळी लागली की कुठलीही इमारत कामात असल्यासारखी दिसते.

वरचे ६ लाख कुठे गेले हे कागदावर सापडत नाही, त्यासाठी परांचीवर चढावं लागतं. अंदाजपत्रक करताना कन्सल्टंट खिडकीतून, गच्चीवरून वाकून, जिन्यातून जिथवर हात पोचतो तिथवर प्लास्टर ठोकून बघतो. बाकीचं अनुभवाने धरतो. दुसरा इलाजच नसतो. बांबू बांधल्यावर भिंत पहिल्यांदा हाताला लागते. मग मुकादम छोटी हातोडी घेऊन एका टोकाकडून ठोकत निघतो. घट्ट प्लास्टरवर टण वाजतं, सुटलेल्यावर डब. तो बघतही नाही, नुसता ऐकत सरकतो, आणि मागून एक पोरगा लाल खडूने डब वाजलेल्या भागाभोवती रेघ ओढत येतो. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर चाळीस पावसाळे सरळ आदळलेत. तिथे सकाळी लाल बेटं दिसत होती, दुपारपर्यंत ती एकमेकांना जुळून गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीवरचा छज्जा बघून मुकादम म्हणाला, "ताई, हात लावला तर हातात येईल." लावला. आला. आतला गज गंजून निम्मासुद्धा उरला नव्हता.

दर तोच, मोजमाप वाढलं. हे नीट सांगावं लागतं, कारण खर्च वाढला म्हटलं की सभेत पहिलं वाक्य 'कंत्राटदार लुटतोय' असतं. लुटतही असेल, पण मग ते दाखवता आलं पाहिजे. दर वाढला, मोजमाप वाढलं, की यादीत नसलेलं काम निघालं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचा बंदोबस्त वेगळा. दर करारात बांधलेला असतो. यादीबाहेरच्या कामाचा, आमच्या छज्जासारख्या, दर काम करायच्या आधी ठरवून घ्यायचा. काम झाल्यावर दर ठरवायला बसलं की आपण गेलोच. मोजमापाचं म्हणाल तर त्याचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात छापलेले आहेत. प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, इतक्या बारकाईने. पण दुरुस्तीत खरी मेख वेगळीच. सुटलेलं प्लास्टर एकदा पाडलं की पुरावा ट्रॉलीत. म्हणून मोजायचं ते पाडायच्या आधी. लाल रेघेसकट फोटो, त्यावर धरलेला टेप, वहीत आकडा, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या तिथेच, बांबूवर उभं राहून. खाली येऊन, चहा पिऊन केलेली मोजणी मला चालत नाही.

नवी मुंबईत हाच प्रकार जमिनीखाली होतो. खाडीकाठची जागा, वर भराव, खाली काळी चिकण माती, आणि खडक कितीवर लागेल ते जिथे चाचणीचं बोअर घेतलं तिथलंच खात्रीने माहीत. दोन बोअरच्या मधली पाइल, म्हणजे पायाचा जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, धरल्यापेक्षा खोल गेली की काँक्रीट वाढतं, सळई वाढते, मशीनचा दिवस वाढतो. तिथे आम्ही महिनाअखेरीची वाट बघत नाही. पाइलच्या मापाने काँक्रीट किती लागायला हवं होतं आणि मिक्सरच्या किती गाड्या रिकाम्या झाल्या, ते त्याच संध्याकाळी जुळवतो. सळईचंही तसंच. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. १२ मिलिमीटरच्या गजाचे ०.८८८. मालासोबत आलेल्या चलनावरचं वजन, बांधलेलं वजन आणि भंगारात पडलेले तुकडे, हे तिन्ही जुळले नाहीत तर त्याच आठवड्यात विचारायचं. महिन्याने विचारायला गेलं तर उत्तर देणारा माणूस होळीला गावी गेलेला असतो.

हिशेबखात्याचा खर्चाचा तक्ता बहुतेक कंपन्यांत पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेला येतो. नेटका असतो, टॅलीतून निघालेला असतो, आणि त्यातला जुन्यात जुना खर्च चाळीस दिवसांचा झालेला असतो. कर भरायला तो उत्तम. काम सावरायला म्हणजे वरातीमागून घोडं. आणि त्यात नुसत्या ऑर्डर दिलेल्या मालाचा पत्ताच नसतो. खिडक्यांची ऑर्डर निघाली, माल यायला दोन महिने आहेत, बिल त्यानंतर. तोवर तक्त्यात खिडक्यांचा खर्च शून्य, आणि साहेब लोक खूश की या हेडमध्ये पैसे शिल्लक आहेत. ऑर्डरवर सही झाली त्याच दिवशी तो पैसा गेला असं मी धरते. ऑफिसात यावरून मला कंजूष म्हणतात, म्हणोत.

झालेल्या कामाचे धरलेले पैसे आणि त्याला प्रत्यक्ष लागलेले पैसे शेजारी-शेजारी मांडायची ही पद्धत आज जगभर शिकवतात. तिला ठाकठीक रूप दिलं अमेरिकेच्या संरक्षण खात्याने. मोठ्या कंत्राटदारांनी खर्चाचा हिशेब कसा ठेवावा याचे ३५ निकष त्यांनी १९६७ मध्ये लागू केले. नुसता 'ठरलेला खर्च विरुद्ध झालेला खर्च' बघून विमानं आणि क्षेपणास्त्रं कुठवर आली हे कळेना, म्हणून. पण आकडे असले म्हणजे सगळं झालं असं नाही. अमेरिकन नौदलाच्या ए-१२ विमानाचं काम या निकषांखालीच चाललं होतं. जानेवारी १९९१ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी तो प्रकल्पच रद्द केला. त्याआधी झालेल्या चौकशीत दिसलं की खर्च हाताबाहेर चालल्याचं आकडे आधीपासून सांगत होते, आणि वर कळवताना त्यातला आशावादी अंदाजच उचलला जात होता. मला हे वाचून बरं वाटलं, असं कसं म्हणू? पण ओळखीचं वाटलं. 'आपण बजेटच्या आत आहोत' हे वाक्य कुठल्याही सभेत, कुठल्याही भाषेत, लोकांना ऐकायचंच असतं.

आपल्याकडे केंद्राच्या १५० कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांवर सांख्यिकी मंत्रालय नजर ठेवतं. त्यांच्या अहवालात मूळ मंजूर खर्च, आता अपेक्षित असलेला अंतिम खर्च आणि आजवर झालेला खर्च असे तीन वेगळे रकाने असतात. मधला रकाना महत्त्वाचा. सोसायट्यांच्या हिशेबात नेमका तोच नसतो. काकांच्या देखण्या वहीतही नव्हता.

तो आमच्यासाठी कसा काढला ते सांगते, कारण इथे पुस्तकातलं सूत्र घोळ घालतं. सूत्र म्हणतं, २२चं काम २८ला पडलं, तर ६०चं त्याच प्रमाणात ७६ला पडेल. हा आकडा कोणीतरी सभेआधीच व्हॉट्सॲपवर टाकला आणि रात्री साडेअकरापर्यंत माझा फोन वाजत होता. सूत्र खोटं नाही, पण ते असं धरून चालतं की उरलेलं काम झालेल्या कामासारखंच आहे. शेकडो सारख्या कंत्राटांवर ते बऱ्यापैकी बसतं. आमच्या इमारतीत सगळ्यात वाईट भिंत आधी घेतली होती. उरलेल्या ३८ लाखांपैकी रंग, गच्ची, पाइप आणि आवारातले पेव्हर ब्लॉक यांचे २३ लाख. ही मापं जमिनीवर उभं राहून टेपने घेता येतात, ती बदलायचं कारण नाही. संशय होता तो पूर्व आणि उत्तर भिंतींच्या १५ लाखांवर. पूर्वेला बांबू चढताच आधी सगळी भिंत ठोकून घेतली, प्लास्टर पाडायच्या आधी. लाल रेघा होत्या, पण बेटंच राहिली. त्या हिशेबाने दोन्ही भिंतींना १७ लाख धरले. २८, २३ आणि १७ मिळून ६८.

सभेत मी ६८ सांगितले. ६० ऐकलेले लोक चिडले, ७६ वाचलेले लोक सुटकेचा श्वास टाकून बसले. एकाच आकड्याचे दोन परिणाम. पहिल्या मजल्यावरचे दादा उठून म्हणाले, "मग अंदाजपत्रक केलंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा अंदाज १९५७ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता, १९७३ मध्ये ते पुरं झालं तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. त्यांनी नकाशे पुरे व्हायच्या आधीच १९५९ मध्ये काम सुरू केलं होतं. छताचे ते शिंपले उभे कसे करायचे हेच तेव्हा सुटलेलं नव्हतं. न दिसलेल्या गोष्टीचा अंदाज म्हणजे अंदाजच. फरक एवढाच की दिसायला लागल्यावर तो बदलायचा की जुनाच आकडा भिंतीवर टांगून ठेवायचा. दादांना हे पटलं असं नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी आधीच ६८ सांगा.

फेब्रुवारीत ६८ कळल्याचा उपयोग मात्र झाला. पेव्हर ब्लॉकचे ३ लाख या वर्षी बाजूला काढले, आवारातला चिखल आणखी एक पावसाळा सोसू. उरले ५ लाख जास्तीचे. ते एकदम न मागता वर्गणीच्या पुढच्या हप्त्यांत विभागले. तळमजल्यावर दोन घरं निवृत्तिवेतनावरची आहेत. जूनमध्ये अचानक मोठी रक्कम मागितली असती तर त्यांनी कुठून आणली असती? शिवाय कंत्राटदाराकडे राहिलेली ४ लाखांची उचल पुढच्या दोन बिलांत पुरी वळती करायची असंही ठरवून घेतलं. काम संपत आलं की उचल वसूल करायला बिलंच उरत नाहीत.

आता काळजी पैशापेक्षा दिवसांची आहे, आणि दिवस म्हणजेही पैसाच. परांचीचं भाडं, सुपरवायझर, रात्रीचा वॉचमन, हे काम चालो न चालो महिन्याला पडतंच. नवी मुंबईतल्या बेलापूर-पेंधर मेट्रोची पायाभरणी २०११ मध्ये झाली आणि गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. बारा वर्षं म्हटली की भाववाढीचा हिशेब वेगळा मांडायची गरज राहत नाही. आमचं काम त्यापुढे चिमूटभर, पण होळीला गेलेले गवंडी कधी परततात यावर आमचंही सगळं अडलंय. परत आले तर एकेक गवंडी जोडीला एक बिगारी घेऊन दिवसाला साधारण १०० चौरस फूट प्लास्टर करेल. एक जोडी कमी आली तर तेवढं गणित रोज मागे पडतं.

उत्तरेची भिंत अजून ठोकायची राहिलीय. ती झाली की १७चे १६ होतात की १८ ते कळेल. त्यानंतर गच्ची, आणि गच्ची काहीही झालं तरी एप्रिलच्या आत हातात घ्यायची आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे ७२ तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या स्लॅबला ओल येते का बघायचं, आली तर पुन्हा उकरायचं, हे सगळं पाऊस यायच्या आधी व्हायला हवं. गच्ची बंद म्हणजे यंदा पापड-कुरडयांचं वाळवण कुठे घालायचं, हा विषय तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घालायला लावलाय. माझ्या तक्त्याच्या वरच.